राघो मास्तरची क्लार्नेट

गंधमुक्तीच्या दिवशी शेवटची पंगत उठली, मांडववाल्याने खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवल्या आणि सुरतेच्या घरात फक्त घरचीच माणसं उरली, तेव्हा धनश्रीचा आतेभाऊ लखन याने आपला मोबाइल टीव्हीला जोडला.

"मामाला बघू जरा," तो म्हणाला. "या हार घातलेल्या फोटोत काही दम नाही. मामा फोटोचा माणूसच नव्हता."

टीव्हीवर राघो मास्तर चालत आला. लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालर, टोपी डाव्या भुवईवर कललेली, ओठांत क्लार्नेट. अहिराणी सीड्यांचा जमाना होता तेव्हाचं ते काम. नवरदेव घोड्यावरून घसरतो, घोडं मांडवात शिरतं, सासरा चिखलात बसतो आणि या सगळ्या गोंधळातून बँडमास्तर पापणीही न हलवता वाजवत पुढे निघून जातो. घरातले सगळे हसले. मोठी आत्या हसता हसताच पदर डोळ्यांना लावू लागली.

भिंतीला टेकून बसलेली मास्तरची बायको उषाबाई हसली नाही आणि रडलीही नाही. टीव्हीकडे बघत ती हळूच म्हणाली, "हाऊ आवाज तेस्ना नही शे."

शेजारी बसलेल्या धनश्रीशिवाय, तिच्या मुलीशिवाय, ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

मायचं खरं होतं. पडद्यावर नानांची, तिच्या वडिलांची, बोटं भोकांवर नाचत होती, गाल फुगत होते, मानेची शीर ताठ होत होती, पण ऐकू येत होता तो कीबोर्ड. सीडीवाल्यांना नानांचा चेहरा हवा असायचा. शूटिंगच्या वेळी नाना खरंखुरं वाजवत. आवाज मात्र नंतर कुठल्याशा स्टुडिओत कीबोर्डवर भरला जाई. नाना त्याचं हसू करत. "तोंड मनं, गळा दुसराना," म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसपाशी दूध तापायची वाट बघत धनश्री उभी होती. सहज म्हणून तिने नानांची क्लार्नेट आठवायचा प्रयत्न केला, आणि डोक्यात वाजला तो कीबोर्ड. तिने गॅस बंद केला, डोळे मिटले, पुन्हा आठवून पाहिलं. चित्रं सगळी आली. ओट्यावर बसलेले नाना, ओठांत धरून ओली केलेली वेताची पत्ती, वाजवून झाल्यावर फडक्याने नळी पुसायची त्यांची ती बाळाचं अंग पुसावं तशी लकब. चित्रांखाली आवाज मात्र तोच, प्लास्टिकचा आणि सपाट.

धनश्री नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. शोकाबद्दल तिने पुष्कळ वाचलं होतं. माणूस गेल्यावर त्याचे कपडे छळतात, चपला छळतात, रिकामी खुर्ची छळते, हे तिला ठाऊक होतं. पण गेलेल्या माणसाच्या जागी एखादा खोटा आवाज येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही, हे कुठल्याच पुस्तकात तिच्या वाचनात आलं नव्हतं. तिने ठरवलं, रजा आहे तोवर नानांची खरी क्लार्नेट कुठे ना कुठे शोधायची. एकदा ऐकायची, खोट्याने खरं पुरतं पुसून टाकायच्या आत.

राघो सैंदाणे अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून सुरतेला आला तो कापडाचा लूम चालवायला. वय अठरा. आठवडाभर पत्र्याच्या शेडमधली खटाखट कानांत, आणि सुट्टीच्या दिवशी कान मोकळे करायला गावभर भटकणं. अशाच एका भटकंतीत नानपुऱ्याच्या बाजूला पारशी लग्नात वाजणारा बँड त्याने ऐकला आणि तिथल्या तिथे खिळून राहिला. बँडचा मास्तर मिंगेल हा गोव्याचा. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतल्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवलेला. हॉटेलांतले बाजे बंद पडले तसा तो फिरत फिरत सुरतेला आला होता, कारण इथल्या म्हाताऱ्या पारशांना लग्नात अजून त्यांच्या जवानीतली नाचाची गाणी लागत. राघो आधी त्या बँडचे डगले इस्त्री करू लागला, मग झांजा वाजवू लागला, आणि एक दिवस मिंगेलने त्याच्या हातात क्लार्नेट दिली.

"सीधा मत बजा रे," मिंगेल त्याला सांगायचा. "सीधा तो तेरा लूम बजाता है. आदमी थोड़ा लंगड़ा के चलता है."

एक सूर लांबवायचा, दुसरा आखडता घ्यायचा. ठेका जिथे पडणार असं वाटतं तिथून किंचित उशिरा पाऊल टाकायचं. पारशी बावाजी त्याला स्विंग म्हणत. पुढे राघोने स्वतःची बँडपार्टी काढली तेव्हा त्याचे गडी त्याला लंगडी म्हणू लागले. नानांनी ती लंगडी हळदीच्या गाण्यांत घातली, कानबाईच्या मिरवणुकीत घातली, वरातीत घातली. लिंबायत, उधना, पर्वत पाटिया, जिथे जिथे खान्देशची माणसं येऊन वसली तिथे तिथे मास्तरची लंगडी वाजली. गुडघे धरून बसलेल्या आज्या तिच्यावर बसल्या जागी खांदे हलवत. मग सीडीवाले आले आणि मास्तरला तोंड फुटलं, म्हणजे चेहरा. अमळनेरच्या स्टँडवर पोरं मागे लागायची, "मास्तर, घोडं कुठाय?" नाना टोपी नसतानाही टोपी सरळ केल्यासारखं करत.

पुढे दात गेले. आधी वरचे दोन, मग एकेक करत सगळे. कवळी बसवली तर क्लार्नेटमधून शीळ निघे. नानांनी एका लग्नात ती शीळ ऐकली, वाजवणं थांबवलं, क्लार्नेट पेटीत ठेवली आणि परत काढली नाही. हरेकाच्या हाती कॅमेऱ्याचे मोबाइल यायच्या आधीची ही गोष्ट. त्यानंतर पार्टीत स्पीकरची गाडी आली, कीबोर्डवाला आला, गाणारा आला. नाना लाल कोट घालून, हातात काठी घेऊन नुसते पुढे चालत. लोक त्यांच्यासोबत सेल्फी काढत. आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये नाना होते. कोणाच्याच मोबाइलमध्ये क्लार्नेट नव्हती.

धनश्री पहिल्यांदा गेली ती उखाकाकांकडे. उखा हा नानांचा ढोलवाला, पहिल्या दिवसापासूनचा. पर्वत पाटियाला पार्टीचं छोटं दुकान होतं, तिथे तो खुंटीवरच्या डगल्यांखाली खुर्ची टाकून बसलेला होता.

"काका, नानांचं वाजवणं कोणाकडे असेल? भरून ठेवलेलं?"

"पोरी, तुझ्या बापाच्या मागे जिंदगीभर ढोल बडवला," उखा म्हणाला. "तो पुढे, मी मागे. वाजवताना त्याचं तोंड कसं दिसतं ते मला सीडी बघून कळलं. मी काय भरून ठेवणार?"

"लग्नाच्या कॅसेटी तरी असतील ना लोकांकडे?"

"त्या मात्र आहेत. गावभर आहेत. चाल, कुठून सुरू करू?"

उखाने फोन फिरवले आणि तीन-चार दिवस धनश्री घरोघर हिंडली. लोकांनी जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. सुतक नुकतंच फिटलेल्या बाईला ते कौतुकाने आपलं लग्न दाखवत. बदामाच्या आकारात नवरा, बदामाच्या आकारात नवरी, मग दोन्ही बदाम फिरत फिरत एक होत, आणि मग वरात. नाना येत. अगदी जवळून, घामाने चमकणाऱ्या कपाळासकट येत. धनश्री पुढे सरकून बसे. आणि नाना ओठांना क्लार्नेट लावत त्याच क्षणी वरून सिनेमातलं गाणं सुरू होई.

एका घरात, दुसऱ्या घरात, तिसऱ्यात, तेच. लिंबायतच्या रंजनामावशींना तिने न राहवून विचारलं, "मावशी, यात बँडचा आवाज का नाही?"

"बँडचा कशाला?" मावशी म्हणाल्या. "गाणं कसं झक्कास बसवलंय बघ. मी तर बाई हिरॉइनच वाटतेय."

प्रत्येक लग्नाच्या शेवटी गुलाबाच्या फुलाखाली एकच नाव येई. हेमराज, कतारगाम.

कतारगामला हिऱ्यांच्या कारखान्यांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर हेमराजची खोली होती. जन्माने शिरपूरचा, बोलण्याने अर्धा गुजराती झालेला, केस पांढरे. कॉम्प्युटरवर कोणाच्यातरी बारशाचं आमंत्रण सजवत बसला होता. मास्तरची मुलगी म्हटल्यावर उठून उभा राहिला, पण तिचं म्हणणं ऐकून पुन्हा खाली बसला.

"लाइव्ह आवाज? बेन, लग्नातला लाइव्ह आवाज म्हणजे काय माहितीय? जनरेटर, हॉर्न आणि व्याह्यांची भांडणं. लोकांना आपलं लग्न पिक्चरसारखं दिसायला हवं असे. कॅसेट हातात आली की पहिलं काम, आवाज साफ. मग गाणी. सगळ्या सुरतेत असंच चालायचं, मी एकटा नाही."

"म्हणजे नानांचा आवाज तुम्ही..."

"पुसला," हेमराज म्हणाला. थोडा वेळ तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. "दर लग्नात पुसला. तेव्हा काय वाटणार? मास्तर तर उद्या परत वाजवणारच होते."

"मूळ कॅसेटी?"

"दोन हजार सहाच्या पुरात गेल्या. तेव्हा दुकान खाली होतं. तापी आत येऊन बसली. चिखलातून फावड्याने काढल्या आणि फेकल्या." मग बोलता बोलता त्याला काहीतरी आठवलं. "एक असेल. माझ्याकडे नाही, पण असेल. बारडोलीचं लग्न. पुराच्या आधीचं. मी एडिटिंगला घेणार तेवढ्यात मुलीचा बाप आला आणि कॅसेट मागून घेऊन गेला. लग्न मोडलं होतं. दोन महिनेपण टिकलं नाही. आपल्या पोरीचं तोंड दुकानातल्या टीव्हीवर कोणाला दिसू नये म्हणून बिचारा स्वतः आला."

"बँड नानांचा होता?"

"मास्तरच. पाठवणीला एकटेच वाजवत होते. मुलगी रडतेय आणि मास्तर तिच्याकडे बघत वाजवतायत, असा शॉट रोज मिळत नाही. मी जवळ जाऊन घेतलाय."

पत्ता उखाकाकांना ठाऊक होता. मुलीचा बाप गणपतआप्पा, साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळ्यांचा मुकादम. आता हयात नाही. मुलगी गायत्री, तिचं पुन्हा लग्न झालं, बारडोलीतच ब्लाउज शिवते.

पत्ता हातात आल्यावर धनश्री दोन दिवस गेलीच नाही. परक्या बाईच्या दारात उभं राहून काय म्हणायचं? तुमच्या मोडलेल्या लग्नाची कॅसेट द्या, मला माझ्यासाठी हवी आहे? तिने वाक्य पुष्कळ प्रकारे रचून पाहिलं. कसंही रचलं तरी ते तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी दूध तापवताना कीबोर्ड पुन्हा वाजला, आणि ती बसने बारडोलीला निघाली.

कारखान्याचा गाळप हंगाम होता. गावभर मळीचा गोड, जड वास भरलेला. गायत्रीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. चाळिशीची, गळ्यात मापाची टेप, बोलताना टाचणी दातांत धरायची सवय असलेली बाई.

"अस्तर तुमचं की माझं?" तिने वर न बघताच विचारलं.

"ब्लाउज नाही शिवायचा," धनश्री म्हणाली. "मी राघो मास्तरची मुलगी. सुरतेच्या बँडवाल्या मास्तरची. नाना महिन्यापूर्वी गेले."

गायत्रीने दातांतली टाचणी काढून उशीत खोचली. उठून दुकानाचं दार अर्धं लोटलं.

धनश्रीने सांगितलं. वाक्य न रचता, जसं होतं तसं. कीबोर्डचंही सांगितलं. गायत्रीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी मुलगी आठवीत आहे, मुलगा सहावीत. ह्यांना सगळं ठाऊक आहे, पण पोरांना नाही. आणि तुम्ही म्हणता ती कॅसेट काढा."

"हो."

"लोक जुने कपडे मागायला येतात दारावर. जुनं दुखणं मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"चुकलं माझं," धनश्री उठली. "मी यायलाच नको होतं. येते मी."

"बसा हो! एवढ्या लांबून आलात आणि एका टोमण्यात निघालात? मास्तरची पोरगी शोभत नाही." गायत्रीने स्टूल पुढे सरकवलं. "आहे कॅसेट. आप्पांनी आईला सांगितलं होतं, चुलीत घाल. आईने ती तांदळाच्या डब्यात घातली. आई गेल्यावर डबा माझ्याकडे आला. मी कधी बघितली नाही. बघायचं यंत्रही नाही कोणाकडे."

ती मापाच्या टेपची सुरळी करत राहिली, सोडत राहिली.

"आप्पा असतील ना हो त्यात?" तिने विचारलं. "त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. फोटो आहेत ढीगभर. आवाज कुठेच नाही. फोनवर तर ते बोलायचेच नाहीत, 'हं' म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. मांडवात मात्र काय ओरडायचे!" मग एकदम कोरड्या आवाजात ती म्हणाली, "कॅसेट मी हातातून सोडणार नाही. स्वतः घेऊन येईन. आणि चित्राची कॉपी करायची नाही. कुठे फिरली बिरली तर माझ्या पोरांना मी काय सांगू?"

"नाही करणार," धनश्री म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दुपारच्या वेळी तिघं कतारगामच्या खोलीत बसली. हेमराजने जुनं यंत्र माळ्यावरून काढून, पुसून, दोनदा चालवून ठेवलं होतं. गायत्रीने पर्समधून रुमालात बांधलेली कॅसेट काढली. त्या कॅसेटीला अजून तांदळाच्या डब्याचा वास येत होता.

आधी नुसते पट्टे आले. मग निळसर पडलेला मांडव, मग नवरी. गायत्रीने स्वतःकडे बघितलं. "किती बारीक होते मी," एवढंच म्हणाली. हेमराजने कॅसेट भराभरा पुढे पळवली. माणसं धावली, जेवली, फेटे बांधले गेले, अक्षता उडाल्या. पाठवणीपाशी त्याने बोट उचललं.

धनश्रीने मान खाली घातली. दुसऱ्या बाईचं रडणं बघायला ती आली नव्हती. ती फरशीकडे बघत ऐकू लागली.

आधी लांबून गाड्यांची घरघर, बायकांचे हुंदके. मग ढोल थांबला. आणि क्लार्नेटने एक सूर धरला. खालचा, जाडसर, किंचित ओला. तो सूर वर चढला नाही. जागच्या जागी थरथरला, लांबला, इतका लांबला की आता श्वास संपणार असं वाटलं, आणि मग पुढचा सूर उशिरा आला, पाय ओढत आल्यासारखा. लंगडी. पाठवणीतही लंगडी. धनश्री पुढे झुकली. हे तिला ठाऊक होतं. कानांना नसेल, पण छातीला ठाऊक होतं. आता तो सूर वळणार, आता...

"अरे, त्या मागच्या पंगतीला वरण गेलं का? वरण आणा, वरण!"

कोणीतरी पुरुष अगदी कॅमेऱ्याला खेटून ओरडला. धनश्रीने झटक्याने मान वर केली. कोण हा माणूस? गप्प बस ना!

"डायव्हर जेवला का? त्याला उपाशी पाठवू नका! आणि तुम्ही काय बघताय उभ्या, पोरीची ओटी भरा! मास्तर! ओ मास्तर! जेवल्याशिवाय जायचं नाही हां!"

शेजारून गायत्रीने धनश्रीचं मनगट घट्ट पकडलं. "आप्पा," ती म्हणाली. "आप्पा आहेत."

तोवर क्लार्नेटची शेवटची ओळ येऊन गेली होती. गाडीचं दार लागलं, चित्र हललं, आणि पुढे मोकळा मांडव दिसू लागला.

"पुन्हा लावा," दोघी एकदमच म्हणाल्या.

हेमराजने पुन्हा लावलं. या वेळी गायत्री पडद्याच्या इतकी जवळ सरकली की तिचा श्वास काचेवर उमटला. "काय म्हणाले ते मधे? ओटी भरा, आणि त्याच्या आधी? मास्तरांनी जरा दम घेतला असता तर कळलं अस..." ती अर्ध्यातच थांबली आणि तिने जीभ चावली.

"मीही तेच म्हणत होते," धनश्री म्हणाली. "तुमच्या आप्पांना."

दोघी हसल्या. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता हसल्या. मग गायत्रीचं हसणं कधी वेगळं झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. हेमराज उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"वेगळं होईल का हे?" धनश्रीने थोड्या वेळाने विचारलं. "त्यांचे आप्पा एकीकडे, नाना एकीकडे?"

"तेव्हा माइक एकच, कॅमेऱ्याच्या टाळक्यावर. जे आलं ते एकात गेलं," हेमराज म्हणाला. "पण आता सॉफ्टवेअर आलंय. बघतो."

त्याने आवाज तेवढा कॉम्प्युटरवर घेतला, काहीबाही दाबलं, बराच वेळ एक निळी पट्टी सरकत राहिली. मग त्याने आधी आप्पांना वाजवलं. आप्पा एकटेच आले, पण गायत्रीने कपाळाला आठी घातली. "विहिरीतून बोलतायत. माझे आप्पा असे नव्हते."

मग नाना. मांडव गेला, गाड्या गेल्या, हुंदके गेले, आप्पा गेले. आणि त्या सगळ्यासोबत क्लार्नेटमधला श्वासही गेला. ओलेपणा गेला, पत्तीची खरखर गेली. उरले ते स्वच्छ, कडा कापलेले, सपाट सूर. धनश्रीने पहिल्या तीन सुरांत ओळखलं. हा तोच होता. सीडीतला कीबोर्ड. इतकं हिंडून ती पुन्हा त्याच्याच दारात येऊन उभी राहिली होती.

"बंद करा," ती म्हणाली. "नको. होतं तसंच राहू द्या. दोघं एकत्रच असू द्या."

"माझंही तेच म्हणणं," गायत्री म्हणाली.

हेमराजने चित्राविना नुसता आवाज दोघींच्या फोनमध्ये घातला. कॅसेट पुन्हा रुमालात गेली, रुमाल पर्समध्ये. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर रिक्षाला हात करता करता गायत्री वळली.

"ताई, आप्पा जरा मोठ्याने बोलतात," ती म्हणाली. "सांभाळून घ्या."

संध्याकाळी उषाबाई दाराशी मेथी निवडत बसली होती. धनश्री तिच्याजवळ बसली. तिने फोन मायच्या गुडघ्यावर ठेवला आणि आवाज लावला.

पहिल्या सुराला मायचा हात मेथीत थांबला. तिने डोळे मिटले नाहीत, मान हलवली नाही; नुसती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. आप्पा ओरडू लागले तशी धनश्री घाईने म्हणाली, "तो नवरीचा बाप आहे गं. ते काढता येत नाही."

"बोलू दे तेले," माय म्हणाली. "पोर चालनी तेनी. नही बोलाव तं काय करी?"

"मास्तर! ओ मास्तर! जेवल्याशिवाय जायचं नाही हां!"

क्लार्नेट तशीच वाजत राहिली. शेवटची ओळ, गाडीचं दार, मग काही नाही.

"नही जेवनात," माय म्हणाली.

"काय?"

"जेवले नसतील ते तठे. पाठवणी वाजाडी का त्या घरनं अन्न तेस्ना गळाखाले उतरे नही. कोन्हे कितबी आग्रह करा." तिने मेथीची एक काडी उचलली, पानं न तोडता पुन्हा ठेवली. "घर येत ते उपाशी. मंग मी भाकर टाकू. कितीबी उशीर व्हवो, लग्नसराईमा मी पीठ मळीच ठेवू."

धनश्रीला हे ठाऊक नव्हतं. लग्नसराईत भाकरीच्या वासाने तिला जाग यायची आणि पुन्हा झोप लागायची, एवढंच तिला आठवत होतं.

"पुन्हा लावू?" तिने विचारलं.

"नको." मायने फोन उचलून तिच्या हातात दिला. "रोज आयकं तं सवय व्हई जाई."

ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि मग परातीत पीठ पडल्याचा. जेवणाची वेळ अजून झालेली नव्हती.

रजा संपली, धनश्री नाशिकला परतली. फोनमधला आवाज तिने तिथे लावला नाही. मायचं म्हणणं तिच्या मनात राहिलं होतं. एका सकाळी ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं फडताळात लावताना तिने भीत भीत, फोनविना, नुसत्या मनाने नानांना आठवून पाहिलं.

कीबोर्ड आला नाही. खालचा, जाडसर, ओला सूर आला. लांबला, थरथरला, आणि दुसरा सूर पाय ओढत त्याच्यामागून निघाला. तो वळणार तेवढ्यात त्याच्यावरून कोणीतरी खच्चून ओरडलं, वरण आणा, वरण!

फडताळावर हात टेकून धनश्री त्या माणसाचं बोलणं संपायची वाट बघत उभी राहिली. त्याला घाई नव्हती. त्याच्या मांडवात अजून पुष्कळ माणसं जेवायची होती.